केडगांवचा आसरा

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी हडपसर, लोणी, उरुळी, यवत अशीं स्टेशनें मागें टाकीत केडगांवास येते, त्या वेळीं बहुतेक उतारूंचें लक्ष पुढच्या दौंड जंक्शनाकडे लागलेलें असतें. केडगांवचें नांव निघालें कीं कोणास नारायणमहाराजांचें बेट व तेथील दत्तमंदिर आठवतें, कोणास गुळाची बाजारपेठ आठवते. याच गांवच्या माळावर सव्वाशें वर्षांपूर्वीं दुष्काळानें देशोधडीस लागलेल्या मुलींची व स्त्रियांची एक वसाहत उभी राहिली, आणि ती आजही तेथें आहे. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तें हेंच. त्या वसाहतीचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

रमाबाईंच्या विद्वत्तेविषयीं आणि त्यांच्या धर्मांतराविषयीं महाराष्ट्रांत पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें. त्या मानानें त्यांनीं केडगांवीं काय केलें, कसें केलें आणि कोणासाठीं केलें, याची विचारपूस फार थोड्यांनीं केली. विदुषी म्हणून त्यांचा गौरव झाला, धर्मांतर केलें म्हणून त्यांच्यावर टीका झाली. परंतु परमुलखांतून आलेल्या, येथली भाषा न जाणणाऱ्या, अंगावर धड वस्त्र नसलेल्या शेंकडों जीवांना एका उजाड माळावर स्थिरस्थावर करणारी कर्ती स्त्री या नात्यानें त्यांच्याकडे पाहण्याचें राहूनच गेलें. निराश्रितास चार दिवस पोटाला घालणें हें एक काम आहे. त्याजवर पुन्हा निराश्रित होण्याची पाळी येऊं नये अशी तजवीज करणें हें दुसरें. पहिल्यास द्रव्य आणि दया एवढीं पुरतात. दुसऱ्यासाठीं वर्षानुवर्षें खपावें लागतें. केडगांवीं हें दुसरें काम झालें, आणि म्हणून त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

प्रथम ही भूमि कशी होती तें पाहूं. भीमेच्या कांठचा हा प्रदेश भीमथडी म्हणून पूर्वापार ओळखला जातो. नदीच्या दक्षिणेस दौंड तालुका, उत्तरेस शिरूर तालुका. केडगांवजवळच्या चौफुल्यावरून उत्तरेस निघालेला रस्ता पारगांवापाशीं भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून शिरूरास, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या घोडनदीस, जाऊन पोंचतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मनमुराद कोसळणारा पाऊस येथवर येईतों रिता होतो. ज्वारी आणि बाजरी हीं येथलीं जुनीं पिकें, आणि तींही आभाळाच्या मर्जीवर. १८७५ सालच्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं, आणि तो वणवा शिरूर तालुक्यांतील गांवांपर्यंत पसरला, तो कर्जानें व नापिकीनें गांजलेल्या या मुलखांतच. लगेच १८७६ पासून दोन वर्षें मोठा दुष्काळ पडला. पुणें-सोलापूर लोहमार्ग त्यापूर्वींच झालेला होता. १८७८ सालीं दौंडाहून मनमाडास जाणारा मार्ग सुरू झाला आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाटेची दक्षिणेकडील वाटेशीं दौंडास गांठ पडली. दुरून येणाऱ्यास येथें पोंचणें सोपें झालें. पोंचल्यावर जगणें मात्र कठीणच राहिलें.

रमाबाईंना दुष्काळाची ओळख पुस्तकांतून झालेली नव्हती. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडणारे विद्वान ब्राह्मण. लोकरीति मोडून त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें आपल्या कन्येस. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां हें कुटुंब अन्नान्नदशेस पोंचलें. भीक मागण्याची लाज, मोलमजुरीची संवय नाहीं, आणि पदरीं असलेल्या विद्येस त्या दिवसांत कोणी विचारीत नाहीं, अशा स्थितींत प्रथम वडील, मग आई, आणि पुढें थोरली बहीण अशीं एकामागून एक माणसें गेलीं. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री हीं दोघेंच उरलीं. दोघांनीं पायीं हिंदुस्थान पालथा घातला व १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हें सर्वश्रुत आहे. त्या सन्मानाच्या मागें तीन मृत्यूंची आठवण होती, हें तितकेंसें कोणी ध्यानीं घेत नाहीं. पुढें केडगांवच्या व्यवस्थेंत पाटीपुस्तकाच्या शेजारीं नेहमीं एखादें हातकाम दिसतें. त्याचें मूळ याच अनुभवांत शोधावें लागेल. हातांना कष्टाची ओळख नसली तर घरांत सर्व शास्त्रें असूनही माणूस उपाशी मरतो, हें त्यांनीं आपल्याच घरीं पाहिलें होतें.

पतिनिधनानंतर १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्तानें त्या अमेरिकेस गेल्या. हिंदु विधवांची स्थिति तेथील लोकांस समजावून सांगण्यासाठीं त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि १८८७ सालीं बोस्टन शहरीं रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षें शाळेचा खर्च चालविण्याची हमी त्या मंडळीनें घेतली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, तें अवघ्या दोन विद्यार्थिनींनिशीं. त्यांतील बालविधवा गोदूबाई याच पुढें महर्षि कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० सालीं सदन पुण्यास आलें.

शारदासदन हें उच्चवर्णीय विधवांसाठीं होतें आणि धर्माच्या बाबतींत तें तटस्थ राहील असें वचन दिलेलें होतें. मुली आपापले आचार पाळीत. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस कांहीं मुली जाऊन बसूं लागल्या, आणि पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें कडक टीका केली. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं आपला संबंध तोडला, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. या वादाकडे आपण पुढें वळूं. येथें एवढेंच सांगावयाचें कीं त्यानंतर पुण्याच्या समाजाचा आधार रमाबाईंस उरला नाहीं. आणि अमेरिकेंतील मंडळाच्या दहा वर्षांची मुदतही संपत येणार होती. शाळेस स्वतःचें कांहीं उत्पन्न असावें या विचारानें १८९५ च्या सुमारास त्यांनीं केडगांवीं सुमारें शंभर एकर जमीन विकत घेतली. तेथें विहिरी खोदाव्या, फळबाग लावावी आणि बागेच्या उत्पन्नावर पुण्यांतील शाळा चालवावी, असा तो बेत होता. निराश्रितांची वसाहत त्या बेतांत कोठेंही नव्हती.

तो बेत पावसानें बदलला. १८९६ सालीं पाऊस दगावला आणि देशाच्या फार मोठ्या भागांत दुष्काळ पसरला. सरकारनें दुष्काळाच्या कायद्याप्रमाणें कामें काढलीं. धडधाकट माणसानें खडी फोडावी व मजुरी घ्यावी, अशक्तानें गरीबखान्यांत अन्न घ्यावें, आणि पाऊस पडला म्हणजे ज्यानें त्यानें आपल्या गांवीं परत जावें, अशी ती व्यवस्था. रयतेस त्या कायद्यानें मिळालेले हक्क समजावून सांगण्याची मोठी कामगिरी पुण्याच्या सार्वजनिक सभेनें व ‘केसरी’नें त्या वर्षीं बजावली. तिचें मोल कमी नाहीं. परंतु ती सारी व्यवस्था ज्याला परत जाण्यास गांव आहे, गांवांत घर आहे आणि घरांत माणूस आहे, त्याच्यासाठीं होती. जिचे आईबाप वाटेंतच मेले, किंवा एक तोंड कमी करावें म्हणून जिला घराबाहेर काढलें, त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीनें पाऊस पडल्यावर कोठें परतावें, याचें उत्तर कायद्यांत नव्हतें.

१८९७ च्या आरंभीं रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. तेथील गरीबखाने त्यांनीं पाहिले. हाडांचे सांपळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि त्याहून भयंकर गोष्ट ही पाहिली कीं अशा अनाथ मुलींना अन्नाचें आमिष दाखवून दुर्मार्गास नेणारीं माणसें त्या गरीबखान्यांभोंवतीं टपून बसलेलीं होतीं. दुष्काळांत पुरुष भुकेनें मरत होता. मुलीच्या वांट्यास भूक तर होतीच, आणि भुकेच्या पलीकडचेंही मरण होतें. रमाबाईंनीं सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. शारदासदनाचे नियम जाणत्या, उच्चवर्णीय, शिकूं इच्छिणाऱ्या विधवेकरितां होते. या नव्या मुलींत कुणब्यांच्या होत्या, कारागिरांच्या होत्या, ज्यांना गांवकुसाबाहेर राहावें लागे अशांच्याही होत्या. पुष्कळ जणी इतक्या उशिरां हातीं लागल्या कीं अन्न पुढें असूनही जगल्या नाहींत. ज्या जगल्या त्यांतील कित्येक अन्न चोरून लपवून ठेवीत, मारामारी करीत, पळून जात. उपासमारीनें माणसाचें शरीर जितकें खंगतें तितकाच त्याचा दुसऱ्यावरचा विश्वासही खंगतो, आणि तो भरून येण्यास अन्नाहून अधिक काळ लागतो.

त्याच वेळीं पुण्यांत प्लेगनें कहर मांडला होता. शहराच्या हद्दींत इतकी माणसें एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. प्लेगच्या इस्पितळांतून व छावण्यांतून स्त्रियांची कशी हेळसांड होते, याविषयीं रमाबाईंनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघडपणें लिहिलें. तें सरकारास फार झोंबलें. मुलींना ठेवावयाचें कोठें? तेव्हां केडगांवची जमीन उपयोगास आली. बाग अजून बाळसें धरीत होती, घर म्हणावें असें कांहीं नव्हतें. तंबू उभारले, गवताचीं छपरें घातलीं आणि त्यांत बिऱ्हाड मांडलें. १८९८ सालीं पक्क्या इमारती उठूं लागल्या आणि वसाहतीस मुक्ति हें नांव मिळालें.

येथपर्यंतची हकीगत धैर्याची आहे. खरें कौतुक पुढच्या व्यवस्थेचें केलें पाहिजे. शेंकडों अनोळखी मुलींचें एका कुटुंबांत रूपांतर करावयाचें, तें रमाबाईंनीं कोणत्या रीतीनें केलें?

पहिली गोष्ट, त्यांनीं जुन्या मुलींच्या हवालीं नव्या मुली केल्या. शारदासदनांत शिकून तयार झालेल्या विधवा येथें शिक्षिका आणि देखरेखीच्या बाया झाल्या. एकेकीकडे मुलींचा एकेक गट सोंपविलेला असे. त्यांना न्हाऊं घालण्यापासून अक्षर गिरविण्यास बसविण्यापर्यंत सारें तिनें पाहावयाचें. जिला कालपर्यंत घरांत कोणी किंमत देत नव्हतें, तिच्या शब्दावर वीस-पंचवीस मुली उठूं-बसूं लागल्या. अशा रीतीनें आसरा घेणारी स्त्रीच कांहीं वर्षांनीं आसरा देणारी होई.

दुसरी गोष्ट भाषेची. नर्मदेकडच्या मुली हिंदी बोलत, पुढें गुजराथेंतून आलेल्या गुजराथी बोलत. भीमथडींत राहावयाचें, दुकानदाराशीं, पाणक्याशीं, शेजारच्या शेतकऱ्याशीं व्यवहार करावयाचा, तर मराठी आली पाहिजे. रमाबाईंना स्वतःस कानडी, मराठी, हिंदी, बंगाली या भाषा अवगत होत्या, म्हणून परक्या मुलीशीं पहिल्या दिवशीं तिच्या बोलींत चार शब्द बोलणें आणि मग हळूहळू तिला येथल्या बोलींत आणणें त्यांस साधलें.

तिसरी गोष्ट उद्योगाची. कांहीं तास शाळा आणि कांहीं तास काम, असा दिवसाचा क्रम होता. शेती, विहिरीचें पाणी, दुभतीं जनावरें, तेलाचा घाणा, हातमागावरचें विणकाम, शिवण, धुलाई, भटारखाना, आणि पुढें छापखाना, हे सारे विभाग स्त्रियांनीं चालविले. यांतील बहुतेक धंदे त्या काळीं पुरुषांचे समजले जात. इतक्या माणसांचें अन्नवस्त्र विकत घेण्यास द्रव्य नव्हतें म्हणून हे उद्योग सुरू झाले हें खरें; पण त्यांचा दुसरा परिणाम असा झाला कीं मुक्तींतून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातांत एखादी कला असे. ती जेथें जाई तेथें त्या कलेवर उभी राहूं शके.

चौथी गोष्ट, एकाच सांच्यांत सर्वांना कोंबण्याचा मोह त्यांनीं आवरला. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निराळें होतें. वृद्ध व पंगु स्त्रियांसाठीं प्रीतिसदन, मुलांसाठीं सदानंदसदन, आणि अंधांसाठीं बार्तीमी सदन होतें. अंध मुलींना बोटांनीं वाचण्याची ब्रेल लिपि शिकविण्यांत रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांचा वाटा मोठा होता. निराश्रित हा शब्द एक असला तरी निराश्रितांच्या गरजा एक नसतात, हें या विभागांवरून दिसतें.

ही व्यवस्था जेमतेम बसते न बसते तोंच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजराथेंत व राजपुतान्यांत आजही त्याला संवत् १९५६ वरून छप्पनिया म्हणतात. पुन्हा मुली आल्या, या वेळीं गुजराथेंतून. मुक्तींतील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. आजूबाजूच्या भीमथडींतही अन्नाची मारामार होती. शिरूरास अमेरिकन मराठी मिशनचें जुनें ठाणें व उद्योगशाळा होती. त्या मिशनच्या अनेक ठाण्यांनींही त्या वर्षीं दुष्काळांतील अनाथ मुलें ठेवून घेतलीं. या कोरड्या मुलखानें, ज्याला स्वतःच्या लेकरांस पुरेसें देतां येत नव्हतें, परक्या प्रांतांतील इतकीं लेकरें त्या वेळीं सांभाळलीं, ही गोष्ट या दोन तालुक्यांच्या इतिहासांत ठळकपणें नोंदविली पाहिजे.

आतां त्या वादाकडे वळूं. मुक्तिसदन ही उघडपणें ख्रिस्ती संस्था होती. शारदासदनाच्या वेळचें तटस्थतेचें बंधन येथें नव्हतें. प्रार्थना, बायबलाचें अध्ययन आणि धर्मोपदेश हीं दिनक्रमांत होतीं, आणि १९०५ सालीं तेथें धार्मिक उत्साहाची मोठी लाट उठली, तिची वार्ता परदेशांपर्यंत पोंचली. आलेल्या मुलींपैकीं पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. यावर त्या काळीं घेतलेला आक्षेप आजही टाकाऊ नाहीं. जिला खावयास मिळालें नाहीं तर ती मरणार आहे, तिनें अन्नदात्याचा धर्म स्वीकारला तर त्या स्वीकारास संमति म्हणावें काय? अन्न देणाऱ्यास खाणाऱ्याच्या मनावर हक्क सांगतां येतो काय? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती संस्थेलाच विचारावयाचा असें नाहीं. छावणी कोणाचीही असो, सरकारची, पक्षाची, पंथाची किंवा जातीची, तिच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाच्या असहायतेचा फायदा न घेणें हें तिचें पहिलें कर्तव्य आहे.

परंतु हा प्रश्न विचारणाऱ्यानें दुसराही विचारला पाहिजे. १८९७ सालीं त्या गरीबखान्यांच्या दारांतून त्या मुलींना उचलून आणण्यास आणखी किती जण गेले होते? धर्म सांभाळण्याची काळजी ज्यांना होती त्यांपैकीं किती घरांनीं एका अनाथ मुलीस, तिची जात न विचारतां, आपल्या चुलीपाशीं बसूं दिलें? ज्या समाजानें मुलीला रस्त्यावर सोडलें त्या समाजास, ती कोणाच्या घरीं गेली म्हणून रागावण्याचा अधिकार फार तोकडा राहतो. रमाबाईंच्या धर्मप्रसाराविषयीं मतभेद ठेवूनही, त्यांनीं केलेलें काम आपलें होतें आणि तें आपण केलें नाहीं, एवढें कबूल करण्यास हरकत नसावी.

या टीकेचें सर्वांत चांगलें उत्तर एका व्यक्तीनें कृतीनें दिलें. गोदूबाईंशीं १८९३ सालीं पुनर्विवाह करणारे धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला, व १९०० सालीं तो हिंगण्याच्या माळावर नेला. दारोदार फिरून, रुपया-आठ आणे गोळा करून त्यांनीं तो वाढविला. केडगांवचा व हिंगण्याचा मार्ग निराळा, धर्म निराळा, पैशाचा उगम निराळा; पण शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी हिंगण्याच्या घरांत होती, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे दोहोंमधला धागा नजरेस येतो. रमाबाईंवर केवळ टीका करणाऱ्यांचीं वर्तमानपत्रें जुनीं झालीं. त्यांच्याशीं मतभेद असूनही काम उचलणाऱ्याचें काम टिकलें.

मुक्तिसदनाच्या छापखान्याचा उल्लेख मघां केला. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्याचे खिळे जुळविणें, छापणें, बांधणी करणें हें सारें केडगांवच्या स्त्रियांनीं केलें. १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. ग्रंथाच्या मताशीं आपला संबंध असो वा नसो. दुष्काळांत मरणाच्या दारांतून परत आलेल्या, मराठी ही जिची मायबोलीही नव्हती अशी एखादी मुलगी त्याच भाषेचे खिळे बिनचूक जुळवूं लागली असेल, तर ती या मुलखांत परकी उरली नाहीं, हें सांगण्यास आणखी पुरावा नको. ग्रंथ पुरा छापून बाहेर पडण्यापूर्वींच मनोरमाबाई १९२१ सालीं आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. संस्था मात्र त्यांच्यामागें बंद पडली नाहीं. तेथून निघालेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, संसार मांडून ठिकठिकाणीं स्थायिक झाल्या. अनेकींचीं नातवंडें-पणतवंडें आज महाराष्ट्रांत इतरांसारखींच मराठी माणसें म्हणून नांदत असतील, आणि आपली पणजी कोणत्या दुष्काळांत, कोणत्या गाडीनें केडगांवास उतरली हें कित्येकांस ठाऊकही नसेल. स्थिरस्थावर होणें म्हणतात तें हेंच.

त्यानंतर महाराष्ट्रानें निर्वासितांचे आणखी लोंढे पाहिले. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवड्यास सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर त्याच जागेवर फाळणीनें उखडलेल्या सिंधी बांधवांची गांधीनगर ही वसाहत झाली. पुण्याजवळ पिंपरीस आणि कल्याणजवळ उल्हासनगरास असेच सिंधी बांधव आले आणि व्यापारउद्यमाच्या जोरावर उभे राहिले. पण हे लोक आले ते कुटुंबांनिशीं, भाषेनिशीं, आपल्या पंचायतींनिशीं. केडगांवच्या मुली एकेकट्या आल्या. त्यांना गोत नव्हतें. संस्थेसच त्यांचें गोत व्हावें लागलें. १९५१ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानें निर्वासिताची जी व्याख्या केली तींत छळाच्या भीतीनें देश सोडणारा बसतो. भुकेनें गांव सोडणारा तींत बसत नाहीं. म्हणून अशा माणसाचा भार नेहमीं शेजाऱ्यांवर आणि शेजाऱ्यांनीं उभारलेल्या संस्थांवर पडतो.

आज दौंड-शिरूरचें रूप पालटलें आहे. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी दौंड तालुक्यांत खेळतें, माळावर ऊस उभा आहे. धरणांत ज्यांचीं गांवें बुडालीं अशा घाटाकडच्या कुटुंबांना याच तालुक्यांत जमिनी मिळाल्या. शिरूर तालुक्यांत रांजणगांवच्या कारखान्यांत बिहार व उत्तर प्रदेशांतून आलेले कामगार राबतात. उसाच्या हंगामांत दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांचीं लहान मुलें पाचटाच्या कोपींत वाढतात आणि हंगाम संपला कीं अर्धवट शाळा सोडून परत जातात. जो मुलूख एके काळीं लोकांना बाहेर घालवीत होता तो आतां लोकांना बोलावून घेतो. या माणसांना कोणी निराश्रित म्हणत नाहीं, कारण त्यांना मजुरी मिळते. पण केडगांवीं जे प्रश्न सोडवावे लागले तेच त्यांच्याही पुढें आहेत: मुलांनीं कोणत्या भाषेंत शिकावें, आजारपणांत कोणाकडे जावें, एकट्या स्त्रीनें कोणाच्या भरंवशावर राहावें, आणि किती वर्षें राहिल्यावर गांवानें त्यांना आपलें म्हणावें.

अशा कामासाठीं रमाबाईंएवढ्या विद्वत्तेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आलेल्या माणसाशीं त्याच्या बोलींत चार शब्द बोलणारें कोणी, त्याच्या मुलाला शाळेंत नेऊन बसविणारें कोणी, आणि त्याच्याच माणसांपैकीं एकाच्या हातीं जबाबदारी देणारें कोणी, एवढीं तीन माणसें प्रत्येक गांवांत सांपडूं शकतात. तीं पुढें आलीं नाहींत तर त्या माणसांची काळजी दुसरें कोणीतरी आपल्या अटींवर घेईल, आणि मग त्या अटींबद्दल तक्रार करण्यास आपल्याला तोंड राहणार नाहीं.